टँकरच्या गावात बाग ठेवावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही लातूरला राहतो. घरापुढे साधारण ३०० चौरस फुटांची हिरवळ आहे, कुंपणालगत जास्वंद, गुलाब आणि एक पांढरा चाफा आहे, गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, बोअर मार्चमध्येच मान टाकते, मग टँकर मागवतो. सासूबाई रोज म्हणतात, माणसांना पाणी नाही आणि तू झाडांना घालतेस. यजमान म्हणतात, सगळं काढून पेव्हर ब्लॉक बसवू, नाहीतर प्लास्टिकची हिरवळ अंथरू. बाग सोडवत नाही, पण मनाला टोचतंही. पाणी न लागणारी झाडं कोणती ते सांगा, म्हणजे याच महिन्यात लावते.

ताई, सप्रेम नमस्कार.

याच महिन्यात लावते, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून लावू नका. एप्रिल संपत आलाय. कमी पाण्याची म्हणून आज तुम्ही कण्हेर आणलीत, तरी नर्सरीच्या पिशवीत तिची मुळं असतात मूठभर. दुष्काळ सोसायची तिची ताकद पानांत थोडी आणि मुळांत जास्त, आणि ती मुळं खालच्या ओलीपर्यंत पोचायला दोन पावसाळे तरी जातात. तोवर तिलाही पाणी घालावंच लागतं. आज लावलेली कण्हेर तुमच्या जुन्या जास्वंदीपेक्षा जास्त पाणी मागेल आणि एवढं करून मे महिन्यात जायची ती जाईलच. तेव्हा आधी आहे ते पावसापर्यंत कसं न्यायचं ते बघू. काय लावायचं ते नंतर.

पण त्याच्याही आधी सासूबाईंचं बोलणं. त्यांचं चुकत नाही. लातूरकरांना मी हे सांगायला नको, २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पहिलं ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. तो उन्हाळा ज्यांनी घरात घागरी मोजत काढला, त्यांना हिरवळीवर पाइप धरलेला बघवणार नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. उलट त्यांचं म्हणणं हाच बागेचा नियम करा: नळाचं, बोअरचं, टँकरचं ताजं पाणी बागेला नाही. घरात एकदा वापरून झालेलं आणि छपरावर पडलेलं पाणी बागेचं. बाग तेवढीच ठेवायची, जेवढी त्या पाण्यात जगेल. मोरीतून गटारात जाणारं पाणी झाडाला गेलं तर कुणाच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं होत नाही, हे सासूबाईंनाही पटेल. आणि तुमचंही मन टोचायचं थांबेल.

मग असं पाणी निघतं तरी किती? चार माणसांच्या घरात भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी दहा-पंधरा लिटर सहज होतं. आरओ मशीन असेल तर ते एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, म्हणजे दिवसाला वीसेक लिटर आले. कपडे शेवटचे खळबळून काढलेलं पाणी आहे. सगळं मिळून रोजचं ५० लिटर धरा. माझ्या आकड्यावर जाऊ नका, आठवडाभर मोरीत एक रिकामी बादली ठेवून स्वतः मोजा. तुमचा जो आकडा येईल, तेवढी तुमची बाग.

आता त्या आकड्याशेजारी हिरवळ ठेवून बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळ हिरवी राहावी म्हटलं तर रोज पाच मिलिमीटर तरी द्यावं लागतं, मे महिन्यात त्याहूनही जास्त. ३०० चौरस फूट म्हणजे २८ चौरस मीटर. रोजचं १४० लिटर! घरात वापरून उरणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी एकटी हिरवळ पिते, आणि बदल्यात ना फूल देते ना फळ ना सावली. ताई, हिरवळ सोडून द्या. ती साध्या हरळीची असेल तर वाळून करडी होईल, पण जमिनीतल्या तिच्या गाठी जिवंत राहतात आणि मृगाच्या पहिल्या दोन सरींत ती आपोआप वर येते. मेक्सिकन किंवा कोरियन असेल तर जाईल. जाऊ द्या.

यजमानांनी सुचवलेले दोन्ही पर्याय मात्र मला मान्य नाहीत. पेव्हर ब्लॉक दिवसभर तापतात आणि रात्री ती धग खिडकीतून घरात येते. वर पडलेला पाऊस मातीत मुरण्याऐवजी रस्त्यावर वाहून जातो. ज्या घराची बोअर मार्चमध्ये आटते, त्या घरानं अंगणातली उघडी माती बुजवणं म्हणजे पुढच्या मार्चची बोअर आणखी लवकर आटवणं आहे. प्लास्टिकच्या हिरवळीवर तर एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा म्हणावं. गाडीला पक्की जागा हवी असेल तर चाकांपुरते शहाबादी फरशीचे दोन पट्टे टाका, मधली माती मोकळी ठेवा.

ती मोकळी माती झाकायची कशानं? लातुरात याची कमतरता नाही. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, अंगणातलाच वाळका पाला. तीन बोटं तरी थर हवा. काळी माती पाणी भरपूर धरते, पण सुकताना आक्रसते आणि तिला भेगा पडतात. भेग पडली की आतली बारीक मुळं तुटतात आणि खोलवरची ओल त्या वाटेनं उडून जाते. म्हणून आच्छादन घालण्याआधी खुरप्यानं वरची दोन बोटं माती हलवून भेगा बुजवून घ्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात, ते अंगणातल्या वाफ्यालाही तितकंच लागू आहे. खोडाला मात्र भुसकट भिडवू नका, चार बोटं जागा सोडा. नाहीतर वाळवी लागते, किंवा पावसात खोड कुजतं. भिंतीलगतही तेच.

आता पाणी द्यायची पद्धत. तुमच्या अंगणातल्या मोजक्या झाडांसाठी मी ठिबकही सुचवणार नाही. वापरलेल्या पाण्यात कण असतात, डाळीचा साका असतो, त्यानं तोट्या चोंदतात. त्यापेक्षा मडकं पुरा. सध्या माठांचे दिवस आहेत, कुंभाराकडून पाच-सहा लिटरची साधी, रंग न दिलेली मडकी आणा. घेतल्यावर पाणी भरून सावलीत ठेवा. तासाभरात बाहेरून अंग ओलं दिसलं तर ते मडकं कामाचं. घरातला जुना माठ चालेल का, असं तुमच्या मनात आलं असेलच. ज्या माठात पाणी गार होईनासं झालंय, त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. तो जमिनीतही पाझरत नाही. झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर खड्डा घेऊन मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि भोवतीची माती नीट दाबा, पोकळी राहू देऊ नका. तोंडावर झाकण किंवा फरशीचा तुकडा हवाच, नाहीतर डास होतात.

मडक्याचं मोल असं की माती कोरडी असेल तेव्हा ती पाणी ओढून घेते आणि ओली असेल तेव्हा पाझर आपोआप मंदावतो. वरची माती भिजतच नाही, त्यामुळे उडून जाण्याचं प्रमाण फार कमी. मुळं मडक्याकडे वळतात आणि काही महिन्यांत त्याला जाळीसारखी लपेटून घेतात. एकदा भरलं की उन्हाळ्यातसुद्धा दोन-चार दिवस बघावं लागत नाही. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता यांना एकेक मडकं पुरतं. फक्त तांदळा-डाळीचं पाणी मडक्यात ओतताना जुन्या सुती कापडातून गाळून घ्या.

कुठलं पाणी कुणाला, हे सांभाळायला हवं. भाजी, डाळ, तांदूळ धुतलेलं पाणी सगळ्यात चांगलं, कशालाही चालतं. पण त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी त्याला वास मारतो. आरओचं बाहेर टाकलेलं पाणी खारट असतं, त्यातून मूळ पाणी बोअरचं असेल तर जास्तच. ते कुंड्यांना नको, गुलाबाला तर नकोच; पानांची टोकं करपतात. ते जमिनीतल्या दणकट झाडांना, जागा बदलत, घाला. पावसाळ्यात ते क्षार खाली धुपून जातात. कपड्यांचं पहिलं साबणाचं पाणी अजिबात नको. पावडरीतल्या सोडियमनं काळी माती चोपण होते, मग तिच्यात पाणी मुरत नाही आणि वाळली की ती दगडासारखी होते. शेवटचं खळबळलेलं पाणी चालेल, तेही आलटून पालटून वेगवेगळ्या ठिकाणी. फिनाइलचं, ब्लीचचं पाणी कुठंच नको. मोरीच्या तोंडाशी सतत ओल राहत असेल तर तिथं कर्दळ लावा, ती साबणाच्या थोड्या पाण्यालाही कुरकुरत नाही.

आता गच्ची. खरं पाणी तिथं जातंय. चाळीस कुंड्या म्हणजे चाळीस वेगवेगळ्या मुठी मातीच्या, प्रत्येक चारी बाजूंनी तापणारी आणि खालून स्लॅबनं भाजणारी. कोणतंही झाड जमिनीत असताना जेवढं पाणी मागतं, त्याहून कितीतरी जास्त वेळा ते कुंडीत मागतं. म्हणून आधी त्या खाली उतरवा. घराच्या पूर्वेला, जिथं सकाळचं ऊन येतं आणि दुपारी सावली असते, तिथं सगळ्या एकमेकींना चिकटवून ठेवा. मोठ्या कुंड्या बाहेरच्या बाजूला, लहान मधे, खाली विटा. वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधता आली तर बांधा. एवढ्यानंच पाण्याची गरज बरीच उतरते, हे तुम्हाला आठवड्यात जाणवेल.

आणि मग निवड करा. ही गोष्ट जिवावर येते, पण उन्हाळा करायला लावतो. अरेका पाम, फर्न, रंगीत पानांची नाजूक रोपं ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांना देऊन टाका. हंगामी फुलझाडांच्या कुंड्या रिकाम्या करून माती पोत्यात भरून ठेवा, जूनमध्ये लागेल. गुलाबांपैकी गावठी एक-दोन राखा. त्यांच्या कळ्या खुडून टाका, म्हणजे झाडाचा जोर जीव टिकवण्यावर जाईल. मे संपेपर्यंत कुणाचीही छाटणी नको, खतही नको. छाटलं की नवे कोंब फुटतात आणि कोंबांना पाणी लागतं. तहानलेल्या झाडाला खत दिलं तर मुळं जळतात.

पांढऱ्या चाफ्याची काळजी करू नका. त्याची पानं गळून नुसत्या फांद्या उरल्या असतील तर मेला म्हणून उपटू नका. नखानं फांदी जरा खरवडून बघा, खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर तो जिवंत आहे. पानं टाकून देणं हीच त्याची उन्हाळा काढायची रीत.

एक सवय मात्र मोडायला हवी, कारण ती बहुतेक घरांत असते. दुपारी तीनला जास्वंदीची पानं लोंबली की आपण धावत जाऊन तांब्याभर पाणी ओततो. भर उन्हात मुळांना ओढता येतं त्यापेक्षा पानांतून जास्त पाणी उडतं, म्हणून जमिनीत ओल असतानाही पानं मान टाकतात. सकाळी सहाला जाऊन बघा. तेव्हा पानं ताठ असतील तर पाण्याची गरज नाही. सकाळीही मलूल असतील तर बोटाची दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर पाणी द्या, आणि देताना भरपूर द्या, ते हातभर खाली उतरलं पाहिजे. रोज तांब्याभर शिंपडलं की मुळं वरच्या वर राहतात आणि झाड कायमचं लाडावलेलं होतं.

आता पावसातलं. पण पहिल्या वळवाला भुलून लावू नका. मृगात दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर खाली ओली झाली की लावा.

कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी. दोन्हींना शेळ्या-गाई तोंड लावत नाहीत, एकदा धरली की पाणी विचारत नाहीत. खोकल्याला अडुळसा, सुजेला निर्गुडीचा शेक, हे सासूबाई तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. फाटकावर बोगनवेल चढवा. तिला पाण्याचा ताण बसला तरच ती खऱ्या अर्थानं फुलते, ज्यांच्याकडे पाणी मुबलक असतं त्यांची बोगनवेल नुसती पानांनी माजते. जाळीवर गोकर्ण, बी टाकलं की येते आणि शेंगवर्गीय असल्यानं मातीलाही काही देऊन जाते. पारिजातक एका कोपऱ्यात. त्याची खरखरीत पानं उन्हाळ्यात झडतात, पावसाळ्याच्या शेवटी सडा पडतो. सदाफुली आणि चिनी गुलाब, ज्याला आपण ऑफिस टाइमही म्हणतो, यांनी जुन्या हिरवळीचा काही भाग झाका. कोरफड हवी तेवढी लावा. मात्र कोरफड, निवडुंग असली गुबगुबीत झाडं काळ्या मातीत पावसाळ्यात सडतात. त्यांच्या वाफ्यात निम्मा मुरूम किंवा विटांचा चुरा मिसळा.

कण्हेर आणि पिवळी बिट्टी कणखर आहेत खऱ्या, देवाला फुलंही भरपूर देतात, पण दोन्ही विषारी आहेत; पान, बी, चीक, सगळंच. घरात रांगतं मूल असेल किंवा गुरं फिरत असतील तर लावू नका.

खायच्या झाडांत शेवगा आणि कढीपत्ता आधी. शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं, म्हणून तो भिंत आणि विजेच्या तारेपासून लांब लावा आणि कमरेएवढा झाला की शेंडा मारा, म्हणजे शेंगा हाताशी राहतील. आणि एक सीताफळ लावाच. आपल्या बालाघाटच्या डोंगरांत, खडकाळ उतारावर कुणी पाणी न देता ते फळतं, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. ऐन उन्हाळ्यात ते पानं टाकून झोपी जातं, म्हणजे तुमच्याकडे पाणी नसतं तेव्हा तेही मागत नाही.

जागा असेल तर पश्चिमेच्या बाजूला एक मोठं झाड लावा, कडुनिंब किंवा बहावा. दुपारचं पश्चिमेचं ऊन अडलं की त्याच्या आडोशाला असलेल्या सगळ्यांची तहान कमी होते, घराची भिंतही तापत नाही. फळ चार-पाच वर्षांनी दिसेल, पण पाणी वाचवणारं याच्याइतकं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. नर्सरीत कुणी ‘पाणी लागत नाही, झटपट वाढतं’ म्हणून कोनोकार्पस गळ्यात मारायला बघेल. घेऊ नका. त्याची मुळं पाइपलाइनीत शिरतात आणि पाण्याचा उपसाही दांडगा, गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. दुष्काळात हिरवं दिसणारं झाड कमी पाणी पितं असं नाही. काही झाडं इतरांचं पिऊन हिरवी राहतात.

छपराचं पाणी गोळा करायची तयारी आत्ताच, कोरड्या दिवसांत करा. तुमचा स्लॅब १००० चौरस फुटांचा धरला, म्हणजे ९३ चौरस मीटर, तर दहा मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर ९३० लिटर पडतं. वाया जाणारं सोडून साडेसातशे तरी हाती लागतं. लातूरकडे वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो. हिशेब केलात तर आकडा ५० हजार लिटरच्या पुढे जातो. एवढं साठवायला जागा नसते हे खरं. म्हणून पहिल्या एक-दोन सरींचं धुळीचं पाणी सोडून द्या, मग पन्हाळीचा पाइप २०० लिटरच्या दोन-तीन ड्रममध्ये घ्या आणि ड्रम भरल्यावर वाहणारं पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडा. ड्रमच्या तोंडाला बारीक जाळी किंवा घट्ट कापड बांधा, स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास होतो.

ते ड्रम कशासाठी, हेही सांगते. आपल्याकडे जूनमध्ये लावलेली बरीच रोपं उन्हाळ्यापर्यंत पोचतच नाहीत, ती जुलै-ऑगस्टच्या उघडिपीतच मरतात. पावसाळाच आहे म्हणून आपण बघत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांच्या खंडात मूठभर मुळांचं रोप सुकून जातं. त्या दिवसांत प्रत्येक रोपाला आठवड्यातून दोनदा तीन-चार लिटर मिळालं तर ते वाचतं. पहिले दोन उन्हाळे त्यांच्या शेजारीही मडकं पुरलेलं असू द्या, तिसऱ्या वर्षी ते काढून दुसऱ्या रोपाला द्या.

रोपं आणताना छातीएवढी उंच, फुलांनी लगडलेली बघून भुलू नका. वीत-दीड वीत उंचीचं, जाड खोडाचं, साधं दिसणारं रोप घ्या, ते लवकर मूळ धरतं आणि स्वस्तही पडतं. पिशवी उलटी करून बघा. तळातून मुळं बाहेर येऊन गोल गुंडाळली असतील तर ते रोप जास्त दिवस पिशवीत अडकलेलं आहे, ते ठेवून द्या. आणि एकदम सगळी आणू नका. यंदा आठ-दहाच लावा, तुमच्या बादलीचा आकडा जेवढ्यांना पुरेल तेवढीच.